नागपूरच्या रडारला ज्यांचं नाव, ते डॉप्लर कोण होते?

पांढुर्णा/सौंसर : मार्च महिन्यात आपल्या पट्ट्यातला संत्रा बागायतदार झाडाकडे कमी आणि आभाळाकडे जास्त पाहतो. मृग बहाराचं फळ तोडणीला आलेलं असतं, आंबिया बहाराची फळं नुकती धरलेली असतात. अशात गारपीट झाली की दोन्ही बहार एकाच दुपारी जातात. म्हणून ढग दाटले की आता मोबाइलवर नागपूरच्या डॉप्लर रडारचं चित्र उघडलं जातं. लाल-पिवळे ठिपके नरखेड-वरूडकडून सरकताना दिसले की फोनाफोनी सुरू होते.

ज्यांच्या नावाचं हे रडार, त्या ख्रिस्तियान डॉप्लर यांची पुण्यतिथी याच महिन्यात, १७ मार्चला असते. ते १८५३ साली गेले. रडार तर सोडाच, तेव्हा विजेचा दिवाही घरोघरी नव्हता. हवामानशास्त्राशी त्यांचा थेट संबंध कधी आला नाही. तरीही पांढुर्ण्यावरून जाणाऱ्या वाऱ्याचा वेग आज नागपुरात बसून कळतो, तो त्यांनी मांडलेल्या एका सूत्राच्या जोरावर. आणि हे सूत्र वाऱ्याला लावायचं तर मध्ये पाऊस लागतो. ती गोष्ट पुढे येईलच.

डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ चा, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहरातला. संगीतकार मोझार्ट यांचं कुटुंब ज्या चौकात राहिलं, त्याच चौकातल्या घरात ते जन्मले. घरचा धंदा पाथरवटाचा, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आणि चांगला चाललेला. दगड घडवायचा म्हणजे अंगात ताकद हवी, आणि हा मुलगा लहानपणापासून तब्येतीने नाजूक. बापाच्या लक्षात आलं की याच्या हातून छन्नी-हातोडा व्हायचा नाही. मग याला काय शिकवावं, म्हणून सायमन श्टाम्पफर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांचा सल्ला घेतला गेला. त्यांनी मुलाची बुद्धी ओळखली आणि व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये पाठवा म्हणून सांगितलं. १८२२ मध्ये डॉप्लर व्हिएन्नाला गेले.

शिक्षण झालं, पुढे १८२९ पासून चार वर्षं तिथेच गणिताच्या प्राध्यापकांचे सहायक म्हणून काम केलं. पण ती नोकरी मुदतीची होती, आजच्या भाषेत कंत्राटी. मुदत संपली आणि तिशीतला हा गणिती रस्त्यावर आला. शाळा-कॉलेजांत जागा निघाली की अर्ज करायचा, स्पर्धा परीक्षा द्यायची, आणि निकालाची वाट पाहायची. आपल्याकडच्या अतिथी शिक्षकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पोटासाठी त्यांनी या काळात जे काम धरलं, ते आपल्या कापूस पट्ट्यातल्या वाचकांना जवळचं वाटेल. ते एका सूतगिरणीत हिशेबनीस झाले. जवळपास दीड वर्ष त्यांनी कापसाच्या आणि सुताच्या आवक-जावकीची खातेवही लिहिली. प्रस्तुत प्रतिनिधी बी.कॉम. असल्याने इथे जरा रेंगाळावंसं वाटतं. चरित्रकार हा काळ वाया गेलेला म्हणून एका ओळीत उरकतात. पण खातेवही लिहिणाऱ्या माणसाला एक सवय लागते. मालाचा ढीग किती मोठा दिसतो यापेक्षा दर दिवशी किती आलं आणि किती गेलं हे तो आधी बघतो. डॉप्लर यांचं नंतरचं सगळं नाव ज्या एका विचारावर झालं, तो विचारही शेवटी असाच आहे. लाट किती मोठी हे त्यांनी विचारलं नाही. एका सेकंदात किती लाटा माझ्यापर्यंत पोचल्या, हे त्यांनी मोजायला सांगितलं. अर्थात हा आमचा तर्क. सूतगिरणीतून भौतिकशास्त्र निघालं असा दावा नाही.

१८३५ पर्यंत त्यांची उमेद पार खचली. त्यांनी सामानसुमान विकलं आणि अमेरिकेला जायचं ठरवलं. म्युनिकपर्यंत जाऊन तिथल्या अमेरिकन वकिलातीत चौकशीही केली. नेमकं त्याच सुमारास प्रागमधल्या एका तांत्रिक शाळेतून नेमणुकीचं पत्र आलं आणि अमेरिका राहून गेली. पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, साल्झबर्गच्या सोनाराची मुलगी माथिल्डे हिच्याशी लग्न झालं. त्यांना तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या.

प्रागमध्ये ते शाळेतून पॉलिटेक्निकमध्ये गेले आणि १८४१ मध्ये पूर्णवेळ प्राध्यापक झाले. पगार आला तसं कामही आलं. वर्ग तुडुंब भरलेले, शेकडो विद्यार्थ्यांच्या परीक्षा एकट्याने घ्यायच्या. छातीचा आजार तेव्हापासूनच मागे लागला होता. त्यात विद्यार्थ्यांनी तक्रार केली की मास्तर फार कडक तपासतात. चौकशी झाली, समज मिळाली, आणि १८४४ मध्ये त्यांना आजारपणाची लांब रजा घ्यावी लागली.

या सगळ्या धबडग्यात त्यांनी २५ मे १८४२ रोजी प्रागच्या विज्ञान संस्थेत एक निबंध वाचला. ऐकायला मोजकी टाळकी होती. विषय होता जोडताऱ्यांच्या रंगीत प्रकाशाचा. म्हणणं साधं होतं. बोट लाटांच्या दिशेने चालली तर तिला मिनिटाला जास्त लाटा धडकतात, लाटांच्या सोबतच पुढे चालली तर कमी. लाटा त्याच, समुद्र तोच, पण चालणाऱ्याचा हिशेब बदलतो. प्रकाश आणि आवाज या दोन्ही लाटा असतील तर त्यांनाही हेच लागू पडलं पाहिजे.

पांढुर्णा स्टेशनावर न थांबणारी गाडी जाताना हे रोज ऐकू येतं. इंजिन जवळ येताना भोंग्याचा सूर चढा असतो, समोरून निघून जाताच तो खाली पडतो. भोंगा सेकंदाला ६०० कंपनांचा आणि गाडी ताशी ९० किलोमीटरने येत असेल, तर फलाटावरच्या माणसाला येताना सुमारे ६४८ आणि जाताना सुमारे ५५९ कंपनं ऐकू येतात. ड्रायव्हरला मात्र पूर्ण वेळ ६०० च. दोन आकडे मिळाले की गाडीचा वेग कागदावर काढता येतो, गाडीकडे न पाहता.

त्या काळी इतक्या वेगाने चालणारी वस्तू म्हणजे आगगाडीच, आणि ती नुकतीच आली होती. म्हणून परीक्षा आगगाडीवरच झाली. हॉलंडचे तरुण शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांना डॉप्लरचं म्हणणं पटलेलं नव्हतं. १८४५ मध्ये त्यांनी उट्रेख्ट आणि मार्सन या गावांमधल्या रुळांवर एक इंजिन मागून घेतलं, उघड्या डब्यावर तुतारीवाले बसवले, आणि पक्का कान असलेले वादक रुळांच्या कडेला उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न बर्फाच्या वादळाने उधळला. जूनमध्ये पुन्हा घेतला आणि आवाजाच्या बाबतीत डॉप्लर खरे ठरले. ताऱ्यांच्या रंगाबाबत मात्र बॅलट यांनी नाहीच म्हटलं, आणि तेही बरोबर होतं. तारे इतक्या वेगाने पळत नाहीत की पांढऱ्याचा लाल व्हावा. म्हणजे निबंधाचं नाव ज्यावरून, तो दाखलाच चुकलेला, आणि त्यातलं सूत्र मात्र अचूक.

हेच बाइज बॅलट पुढे हॉलंडच्या हवामान संस्थेचे संस्थापक झाले. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर उत्तर गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला असतो, हा भूगोलाच्या पुस्तकातला नियम त्यांचाच.

आता आपल्या रडारकडे वळू. नागपूरचं रडार साधारण १० सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लाटांचे झटके सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतं. प्रतिध्वनी किती जोरात आला यावरून पाऊस किती हे ठरतं. प्रतिध्वनीचा सूर किती सरकला यावरून वेग निघतो. सरकणं किती बारीक असतं बघा. मूळ लाटेची कंपनं सेकंदाला सुमारे ३ अब्ज. ताशी ७२ किलोमीटरचा वारा त्यात फक्त ४०० कंपनांचा फरक पाडतो, म्हणजे ७५ लाखांत एक. हा फरक पकडायला यंत्र किती नेमकं लागत असेल याचा अंदाज यावरून यावा.

पण वारा स्वतः रडारला दिसत नाही. हवेवरून या लाटा जवळपास सरळ निघून जातात. परत येतात त्या पावसाच्या थेंबांवर, गारांवर आदळून, आणि कोरड्या दिवशी थोड्याफार किड्यांवर, धुळीवर आदळून. थेंब वाऱ्यासोबत वाहत जातो, म्हणून थेंबाचा वेग तोच वाऱ्याचा वेग असं धरलं जातं. दुसऱ्या महायुद्धात विमानं शोधणारे रडारवाले पावसाच्या प्रतिध्वनीला वैतागत, कारण पावसामागे विमान लपायचं. हवामानवाल्यांनी तोच कचरा उचलून त्याचं सोनं केलं.

थेंबावर भरवसा ठेवला की थेंबाच्या खोडीही सोसाव्या लागतात. तो वाऱ्यासोबत वाहतो तसा खालीही पडतो. मोठा थेंब सेकंदाला ९ मीटरपर्यंत वेगाने पडतो, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. मोठ्या गारा याहून कितीतरी जोरात. किरण जमिनीला जवळपास समांतर असला तर हे पडणं हिशेबात येत नाही, कारण ते किरणाच्या दिशेने नसतं. पण किरण वर उचलला की पडण्याचा वेग वाऱ्याच्या वेगात मिसळतो आणि तो वजा करावा लागतो.

दुसरी अडचण रडारच्या स्वभावातलीच आहे. ते फक्त आपल्याकडे येणारं किंवा आपल्यापासून जाणारं मोजतं. आडवं जाणारं त्याला थांबल्यासारखंच वाटतं. आपल्या भागाला हे नेमकं भोवतं. नागपूरहून पांढुर्णा सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर, आणि दिशा जवळजवळ बरोबर वायव्य. आता वारा नैऋत्येकडून ईशान्येकडे वाहत असेल, तर तो नागपूरच्या किरणाला काटकोनात आडवा जातो. झाडं मोडणारा वारा असला तरी वेगाच्या चित्रात पांढुर्ण्यावर शून्याचा करडा पट्टा दिसू शकतो. सौंसर थोडं उत्तरेला सरकलेलं, अंतर ६५-७० किलोमीटर, म्हणून तिथे तोच वारा काहीसा तरी नोंदवला जाईल. म्हणून मोबाइलवर वेगाचं चित्र पाहून कुणी वारा नाही म्हणून सांगितलं, तर आधी वाऱ्याची दिशा विचारावी.

तिसरी गोष्ट उंचीची. किरण अर्धा अंश वर ठेवून सोडला तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे पांढुर्ण्यावर येईपर्यंत तो रडारच्या पातळीपासून सुमारे एक किलोमीटर वर गेलेला असतो. पावसाच्या आधी येणारा गार सोसाट्याचा वारा, ज्याने फळगळ होते आणि गोठ्यावरची टिनं उडतात, तो जमिनीलगतचा असतो. पडणारा पाऊस हवेला सोबत खाली ओढतो, थेंब सुकताना हवा गार आणि जड होते, ती जमिनीवर आदळून चारी बाजूंना पसरते. ढगाच्या पुढे पळणाऱ्या या वाऱ्यात बरेचदा थेंब नसतातच. मग रडारला दाखवायला काय उरणार? जरा धूळ, थोडे किडे. भोपाळच्या रडारने मदत करावी म्हटलं तर ते दोनशे किलोमीटरच्या पुढे. तिथला किरण इथे येईपर्यंत साडेचार किलोमीटर उंचीवर असतो. २०२३ मध्ये आपला जिल्हा वेगळा झाला, अंदाज भोपाळहून निघतो, पण इथला वारा जो काही दिसतो तो नागपूरहून.

आणखी एक घोळ सिनेमातल्या टांग्याच्या चाकासारखा आहे. चाक जोरात फिरलं की पडद्यावर उलटं फिरताना दिसतं, कारण कॅमेऱ्याची चित्रं कमी पडतात. रडारचंही तसंच. सेकंदाला १००० झटके सोडले तर साधारण ताशी ९० किलोमीटरपर्यंतचा वेग बिनचूक कळतो. त्यापुढे गेला की जाणारा वारा येणारा दिसू लागतो, आणि तो संगणकाने उलगडावा लागतो. झटके वाढवले तर हे टळतं, पण मग लांबचं दिसत नाही, कारण पहिला प्रतिध्वनी परत येण्याआधीच दुसरा झटका निघून जातो. १००० झटक्यांना ही हद्द १५० किलोमीटरची. एकाची बेरीज केली की दुसऱ्याची वजाबाकी होते.

समुद्रावर तर पावसाची भूमिकाच उलटते. आपल्याकडे मुसळधार पाऊस आणणारे कमी दाबाचे पट्टे बंगालच्या उपसागरात तयार होऊन छत्तीसगड, विदर्भावरून सातपुड्यापर्यंत येतात. तिथला वारा मोजायला इस्रोने २००९ मध्ये ओशनसॅट-२ आणि २०१६ मध्ये स्कॅटसॅट-१ हे उपग्रह सोडले. त्यांवरचं रडार पाण्यावरच्या बारीक लहरींवरून वारा ओळखत असे. वारा जोराचा तर लहरी जास्त, प्रतिध्वनी जास्त. इथे डॉप्लरचं सूत्र मुख्य नाही, प्रतिध्वनीचा जोर मुख्य. त्यात पाऊस आला की तिहेरी गोंधळ होतो. थेंब पाण्यावर आपटून स्वतःच्या लहरी उठवतात, काही लाटा वाटेतच गिळतात, आणि काही थेट परत पाठवतात. परिणामी मंद वारा आहे त्यापेक्षा जोराचा भासतो, आणि वादळातला प्रचंड वारा आहे त्यापेक्षा कमी. या उपग्रहांच्या लाटा दोन सेंटिमीटरच्या जवळपास असल्याने त्यांना पाऊस जास्त बाधत असे. युरोपचे उपग्रह साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासच्या लाटा वापरतात, त्यांना कमी. म्हणून अशा नोंदींवर पावसाची खूण करून त्या बाजूला ठेवल्या जातात. नेमकं वादळाच्या पोटातच ही खूण सगळ्यात जास्त पडते, हे दुखणं आहे.

डॉप्लर यांच्या उरलेल्या आयुष्यात उसंत फारशी नव्हती. १८४७ मध्ये ते प्राग सोडून शेमनिट्झ या खाणींच्या गावी, आजच्या स्लोव्हाकियात, खाण अकादमीत शिकवायला गेले. वर्षभरात युरोपात बंडाळी माजली आणि तेही गाव सोडून १८४९ मध्ये व्हिएन्ना गाठावं लागलं. १८५० च्या जानेवारीत व्हिएन्ना विद्यापीठाची भौतिकशास्त्र संस्था स्थापन झाली आणि बादशहा फ्रांझ जोसेफ यांनी डॉप्लर यांना तिचे पहिले संचालक नेमलं. सूतगिरणीतल्या हिशेबनिसाला हा मान मिळाला तेव्हा वय ४६ होतं. तिथे त्यांच्या वर्गात बसलेल्यांत एक पाद्री होता, ग्रेगोर मेंडेल. वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकतेचे नियम काढणारा तोच.

पण मान टिकू दिला गेला नाही. व्हिएन्नातलेच गणिती योसेफ पेट्झवाल, कॅमेऱ्याच्या भिंगासाठी नावाजलेले, यांनी १८५२ मध्ये विज्ञान अकादमीत डॉप्लर यांच्यावर जाहीर हल्ला चढवला. चार ओळींच्या गणितात निसर्गाचा मोठा नियम मावत नसतो, असा त्यांचा सूर. त्यांनी पुढे केलेला मुद्दा मात्र आजच्या विषयाच्या मुळाशी जातो. वाजवणारा आणि ऐकणारा दोघेही जागेवर असतील आणि मधली हवा वाहत असेल, तर सूर बदलत नाही, असं पेट्झवाल यांनी गणिताने दाखवलं. हे खरंच आहे. मारुतीच्या पारावरचा भोंगा वाऱ्याने लांब जाईल, पण त्याचा सूर चढणार नाही. डॉप्लर बोलत होते ते वाजवणारा किंवा ऐकणारा चालत असताना काय होतं याबद्दल. दोघांचे विषय वेगळे, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. हा गुंता १८६० मध्ये एर्न्स्ट माख यांनी सोडवला. नागपूरच्या रडारला वाऱ्याचा वेग काढायला थेंब का लागतो, याचं उत्तरही याच वादात आहे. नुसत्या वाहत्या हवेने सूर हलत नाही, हवेसोबत चालणारं काहीतरी मध्ये असावं लागतं.

माख यांचा निर्वाळा ऐकायला डॉप्लर उरले नव्हते. हल्ल्याच्या वर्षीच छातीचा आजार बळावला. दमट गरम हवेने बरं वाटेल म्हणून नोव्हेंबर १८५२ मध्ये ते व्हेनिसला गेले. तेव्हा व्हेनिसवर ऑस्ट्रियाचंच राज्य होतं. हवापालट कामी आला नाही. १७ मार्च १८५३ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचं तिथेच निधन झालं. मागे पत्नी आणि पाच मुलं. सान मिकेले नावाच्या बेटावरच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

१५ वर्षांनी, १८६८ मध्ये, इंग्लंडच्या विल्यम हगिन्स यांनी व्याध ताऱ्याच्या प्रकाशातली एक रेघ किंचित सरकलेली पाहिली आणि त्यावरून ताऱ्याचा वेग काढला. रंग बदललेला नव्हता, रेघ सरकली होती.